शेवटचा तास कुणासाठी?
(विद्यार्थिनी-कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



मी डोंबिवलीला राहते आणि मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात संशोधन करते. रोज कुर्ल्यापर्यंत लोकल, पुढे बस, नाहीतर शेअर रिक्षा. बायकांच्या डब्यात पाय ठेवायला जागा नसते. तरी तिघींच्या बाकावर चौथीला टेकू देणं, उभ्या मुलीची बॅग मांडीवर घेणं, हा भगिनीभाव तिथे रोज दिसतो. १९९२ साली चर्चगेट-बोरिवली महिला विशेष लोकल सुरू झाली. अशा सोयींमुळे कितीतरी मुली घराबाहेर पडू शकल्या.

पण प्रश्न डब्यातून उतरल्यावर सुरू होतो. अंधारा रस्ता, न येणारी बस, जवळचं भाडं नाकारणारा रिक्षावाला. म्हणून माझ्या ओळखीच्या मुली विषय निवडताना आधी तास किती वाजता सुटतो ते बघतात. संध्याकाळचं चर्चासत्र, ग्रंथालयातले दोन तास, नाटकाची तालीम यांवर पहिलं पाणी सोडावं लागतं. घरचे म्हणतात, "दिवेलागणीला घरात पाहिजेस." भाऊ मात्र अकराच्या गाडीनं आला तरी त्याला कुणी जाब विचारत नाही.

हे फक्त आमचंच रडगाणं नाही. अर्थतज्ज्ञ गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. प्रवास सुरक्षित व्हावा म्हणून मुली अधिक दर्जाचं कॉलेज सोडून कमी दर्जाचं पत्करतात, असं त्यात दिसलं. म्हणजे गुण मिळवूनही रस्ता आडवा येतो! त्याच दिल्लीत २०१५ साली 'पिंजरा तोड' म्हणत मुली वसतिगृहांच्या जाचक वेळांविरुद्ध उभ्या राहिल्या.

मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रात एसटीचं तिकीट बायकांना निम्मं झालं. चांगलंच झालं. पण शेवटच्या तासानंतर बसच नसेल, तर निम्म्या तिकिटाचं करायचं काय? मुलीला लवकर घरी पाठवणं म्हणजे सुरक्षितता नव्हे. तिला उशिरापर्यंत थांबता येणं, ही सुरक्षितता.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपापल्या गावातल्या कॉलेजबाहेरच्या बसथांब्यावर चार संध्याकाळी वही घेऊन उभ्या राहा. बस किती वेळानं येते, दिवा लागतो का, बायकांचं स्वच्छतागृह उघडं असतं का, सगळं लिहून काढा. त्या नोंदी घेऊन प्राचार्यांकडे आणि आगारप्रमुखांकडे एकत्र जाऊ या.