टाळ कानानं वाजतो



आपल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात भजनाचा आवाज कानावर पडला नाही अशी बाई सापडायची नाही. गाडगेबाबांचं जन्मगाव शेंडगाव आपल्याच तालुक्यातलं. मोझरीचा गुरुकुंज आपल्याच जिल्ह्यातला. तुकडोजी महाराजांनी खंजेरी हातात घेऊन गावोगावच्या साध्या माणसांना सामुदायिक प्रार्थनेला बसवलं. आता बायकांचीही भजनी मंडळं उभी राहिली आहेत. बचत गटातल्या दहा-बारा जणी वर्गणी काढतात, टाळ, ढोलकी, खंजेरी आणतात. आणि थोड्याच दिवसांत पहिलं भांडण होतं. पैशावरून नाही. "ही ताल सोडते" यावरून.

ती ताल सोडणारी बाई मी होते. एका संध्याकाळी सगळ्यांसमोर मला सांगितलं गेलं, "वैनी, तुमी टाळ खाली ठेवा अन् नुसतं म्हना. तुमच्यानं आमचं बी चुकते." मी टाळ खाली ठेवला. त्या दिवशी म्हणणंही तोंडातून फुटलं नाही. पुढचे दोन आठवडे मी गेलेच नाही.

मग मंडळातली एक आजी घरी आली. तिनं एकच विचारलं, "पोरी, जावेसंगं उखळात कांडलं ना तू? मंग ताल काहून नाही येनार?"

मैत्रिणींनो, तुम्हीही आठवून पाहा. एका उखळात दोघींची दोन मुसळं. एकीचं वर गेलं की दुसरीचं खाली. आकडे कोणी मोजत नव्हतं, तरी मुसळावर मुसळ आदळत नव्हतं. कारण कान जावेच्या मुसळाकडे होता. जात्यावर दोघी बसल्या तरी तेच. दोघींनी एकाच वेळी आपापल्या बाजूला ओढायचं ठरवलं, तर जातं फिरतच नाही. म्हणजे दुसरीबरोबर लय धरणं आपल्याला येतं. टाळ हातात आला की आपण घाबरून फक्त स्वतःच्या हाताकडे बघतो आणि कान बंद करतो. चूक तिथं होते.

आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कशी, ते सांगते.

पहिले काही दिवस वाद्यं पिशवीतच ठेवली. नुसत्या टाळ्या. आपली बरीच भजनं केरव्यात बसतात. केरवा आठ मात्रांचा. एक ते आठ मोजायचं आणि पुन्हा एकवर यायचं. ढोलकीवाली तोंडानं बोल म्हणायची, धागेनाती नकधिना, आणि आम्ही फक्त 'एक'वर टाळी द्यायचो. मधल्या सात मात्रा गप्प. ऐकायला सोपं वाटतं, पण गप्प राहणंच सगळ्यात कठीण. 'एक' पक्का झाल्यावर 'एक' आणि 'पाच'वर टाळी. ते जमल्यावर मग टाळ हातात.

दुसरी गोष्ट, हळू वाजवा. माझा टाळ मला ऐकू येतो आणि शेजारणीचा येत नाही, तर मी जोरात वाजवते आहे असं समजायचं. सगळ्याच जणी जोरात वाजवू लागल्या की कोणालाच कोणाचं ऐकू येत नाही. मग लय पळते. सुरुवातीला शांत असलेलं भजन शेवटी धापा टाकतं. लय पळू लागली की आमची ढोलकीवाली आवाज वाढवत नाही, उलट कमी करते. ढोलकी नीट ऐकू येईना की सगळ्यांचे कान आपोआप तिच्याकडे जातात आणि हात सावकाश होतात. लय धरणारी मात्र एकच असावी. तिघी जणी लय ठरवू लागल्या की भजनाचे तीन रस्ते होतात.

तिसरी गोष्ट, बसायचं कसं. लांब ओळीत बसू नका, अर्धगोल करून बसा. आवाजालाही चालत यायला वेळ लागतो. तो एका सेकंदात साधारण ११०० फूट जातो. दिंडीत ढोलकी पुढं आणि तुम्ही ११० फूट मागं असाल, तर तिचा ठोका तुमच्यापर्यंत यायला सेकंदाचा दहावा भाग जातो. सेकंदाला दोन मात्रा अशी लय असेल, तर एवढा फरक कानाला कळतो. मागच्या बाया मागं पडल्या की आपण त्यांना दोष देतो. दोष त्यांचा नसतो, अंतराचा असतो. म्हणून दिंडीत टाळवाल्या ढोलकीच्या जवळ चालाव्यात.

चौथी गोष्ट, चुकलं तर काय करायचं. थांबायचं. ओशाळून इकडं तिकडं बघायचं नाही, घाईनं गाठायला जायचं नाही. दोन आवर्तनं ऐकायचं आणि पुढच्या 'एक'वर पुन्हा शिरायचं. वाट चुकलेला माणूस पळत सुटला तर आणखी लांब जातो.

आणि शेवटचं, जे मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे. ताल चुकणारीला मंडळाच्या टोकाला बसवू नका, टाळ खाली ठेवायला सांगू नका. तिला ढोलकीच्या शेजारी बसवा. आजीनं मला तिथं बसवलं. ढोलकीचा ठोका कानावर नुसता पडत नाही, गुडघ्यालाही जाणवतो. पावसाळा संपेपर्यंत माझा हात बसला. आता नवीन येणारीसाठी ती जागा आम्ही मोकळी ठेवतो.

आश्विन वद्य पंचमीला, तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला, मोझरीला संध्याकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. एवढा मोठा समुदाय एका क्षणी गप्प होतो. मी तिथं उभी असताना मला ते मधल्या सात मात्रांसारखं वाटलं. सगळ्यांनी मिळून गप्प राहणं ज्यांना येतं, त्यांना मिळून वाजवणंही येतं.

तुमच्या मंडळात कोणी टाळ खाली ठेवून बसली असेल, तर आज संध्याकाळी तिच्या घरी जा. आजी माझ्याकडे आली होती, तशा.

जय गुरु.