कुळाची खूण आणि कुळाचा कारभार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त स्वामीमलै येथे भरलेल्या कुटुंबमेळाव्यातील भाषण)



आज प्रातःकाळी आपण सर्वांनी स्वामीनाथाचे दर्शन घेतले. या मंदिराच्या साठ पायऱ्यांना साठ संवत्सरांची नावे आहेत. प्रभव, विभव ही आपल्या पंचांगातलीच मालिका. त्या मापाने आपले मंडळ आता पन्नासाव्या पायरीवर उभे आहे. पायऱ्या चढताना एका लहान मुलीने विचारले, "आबा, आपलं कुलदैवत कोणतं?" आबा घुटमळले आणि म्हणाले, "घरी गेल्यावर जुनी वही पाहून सांगतो." ज्या क्षेत्री पुत्राने पित्याला प्रणवाचा अर्थ सांगितला असे मानतात, तेथे नातीने आजोबांना विचारात पाडावे हे यथोचितच झाले. तिचा प्रश्न आम्ही आपल्या सर्वांच्या वतीने पुढे नेतो. कुळ म्हणजे काय, आणि ते कशाने टिकते?

मराठा कुळांत लग्नापूर्वी देवक बसवतात. कोणाचे देवक कळंब, कोणाचे पंचपालवी, कोणाचे मोराचे पीस. एकच देवक असलेल्या घरांत सोयरीक होत नाही. समाजशास्त्राचे अभ्यासक अशा कुलचिन्हाला 'टोटेम' म्हणतात. हा शब्द आला उत्तर अमेरिकेतील महासरोवरांच्या काठी राहणाऱ्या अनिशिनाबे लोकांच्या 'डोडेम' या शब्दावरून. त्यांच्यातही डोडेम पित्याकडून येते आणि समान डोडेमात विवाह वर्ज्य असतो. दूरच्या गावी गेलेला प्रवासी आपल्या डोडेमाच्या घरी उतरला की त्याला आप्ताप्रमाणे आसरा मिळे.

परंतु आमच्या मनात भरते ती त्यांची दुसरी रीत. त्यांच्या परंपरेप्रमाणे प्रत्येक कुळाकडे एक कर्तव्य असे. क्रौंच कुळाकडे नेतृत्व, अस्वल कुळाकडे गावाचे रक्षण, मत्स्य कुळाकडे ज्ञान आणि मध्यस्थी. प्रमुखाने हुकूम सोडावयाचा नसून सभेचे मन वळवावयाचे असे. 1701 साली माँट्रियल येथे मोठा तह झाला, तेव्हा तेथील प्रमुखांनी कागदावर चिन्हे रेखून संमती दिली. आपल्या गोतसभेच्या महजरावरही पाटलाची निशाणी नांगराची असे, आणि बलुतेदार आपापल्या हत्याराचे चिन्ह काढीत. दोन खंडांतील या कागदांत आम्हांला एक साम्य दिसते: सही करणारा माणूस एकटा नसे, त्याच्यामागे त्याचे कुळ किंवा त्याचे काम उभे असे.

आता येथून जवळच्या तंजावराकडे वळू. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे भोसल्यांची गादी स्थापन केली. पुढे राज्याचे पाच सुभे झाले व आपले कुंभकोणम त्यांपैकी एक. 1787 साली तुळजाराजांनी सरफोजींना दत्तक घेतले. ते दत्तविधान शास्त्राला धरून नाही असा निर्णय पंडितांकडून मिळाला आणि अमरसिंह गादीवर आले. पुढे निर्णय फिरला आणि 1798 साली सरफोजीराजे गादीवर बसले. पण दुसऱ्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांच्या हाती तंजावरचा किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख तेवढा उरला.

त्यानंतर चारच वर्षांनी, 1803 साली, सरफोजीराजांनी बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवला. त्यांचे चिटणीस बाबूराव यांनी तो रचला. ज्याच्या कुळाविषयीच वाद घातला गेला आणि ज्याच्या हातून कारभार गेला, त्या राजाने आपली वंशावळ दगडाच्या स्वाधीन केली! आम्ही त्या भिंतीपुढे उभे राहतो तेव्हा अभिमानाबरोबर एक हुरहूरही वाटते. 1855 साली शिवाजीराजे पुत्रावाचून निवर्तले आणि कंपनीने ती गादीही संपुष्टात आणली. दगड राहिला, परंतु तो वाचणारे किती राहिले? तंजावरच्या मोडी दप्तरांनाही वाचक थोडेच.

मग टिकले काय? कुंभकोणमातच 1828 साली जन्मलेले सर टी. माधवराव यांच्याकडे पाहा. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद त्यांनी सांभाळले. त्यांच्या नावात मराठी आडनाव शोधू गेल्यास सापडत नाही. दक्षिणेतील कितीतरी मराठी घरांत ते असेच लोपले आणि 'राव' तेवढे उरले. परंतु कारभाराची शिस्त, हिशेबाचा चोखपणा आणि घरात बोलली जाणारी मराठी ही त्या घरांची खूण राहिली. गादीवाचून आणि आडनावावाचूनही कुळ चालले, कारण काम चालले होते.

येथे एक कबुली दिली पाहिजे. आपल्या मंडळाच्या आरंभीच्या वर्षांत कोणाचे घराणे उच्च, पंक्तीत कोणी कोठे बसावे, यावरून मने दुखावली गेली. एक कुटुंब त्यानंतर कधी आले नाही. त्या वेळी आम्ही गप्प राहिलो. ते मौन आजही सलते. ज्या कुळाच्या आठवणीने दुसऱ्याला खाली बसावे लागते, ती आठवण विसरलेलीच बरी. अनिशिनाबेंची रीत आम्हांला म्हणूनच मोलाची वाटते. तुझे कुळ कोणते, या प्रश्नाच्या पोटात तेथे दुसराही प्रश्न असे: मग तुझ्याकडे काम कोणते?

म्हणून आमची एक विनंती आहे. मंडळाने एक वही करावी. प्रत्येक घराने तीत एक पान लिहावे. मूळ गाव, कुलदैवत, देवक किंवा गोत्र, जे ठाऊक असेल ते. ठाऊक नसेल तर जागा कोरी सोडावी, त्यात लाज नाही. पानाच्या शेवटी मात्र प्रत्येकाने एक काम आपल्या अंगावर घ्यावे: कोणी मुलांना मराठी शिकवावी, कोणी मोडी शिकावी, कोणी आजाऱ्याच्या घरी जावे. आणि पहिले पान त्या न आलेल्या कुटुंबासाठी राखावे. ते त्यांच्या घरी घेऊन जाण्याचे काम आम्ही आमच्याकडे घेतो.

साठावी पायरी अजून दहा वर्षे दूर आहे. तोवर त्या मुलीला उत्तर मिळालेले असो, आणि ते सांगताना आबांना वही उघडावी न लागो, एवढीच स्वामीनाथाच्या चरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.