फोटो काढला कुणी, धुतला कुणी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय सुचवला होता, ‘संगणक क्षेत्रातील संधी’. मी म्हटलं, आपण सगळे पंचेचाळिशीला टेकलोय, आता कसल्या संधी? त्या आपल्या पोरांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. तेव्हा फोनवर पलीकडून उत्तर आलं, “मग तू फोटोवाल्याची पोरगी, फोटोवरच बोल.” म्हणून आज फोटोवर बोलते. खरं तर एका जोडप्याबद्दल बोलते, त्यात फोटो येतातच.

होमाई व्यारावाला हे नाव आपल्या शाळेच्या कुठल्या पुस्तकात नव्हतं. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचं नाव घेतात. जन्म ९ डिसेंबर १९१३, नवसारीचा, पारशी घरातला. वडील फिरत्या नाटक कंपनीत, त्यामुळे लहानपण गावोगावी गेलं. पुढे मुंबई, सेंट झेवियर्स कॉलेज, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. वयाच्या तेराव्या वर्षी, १९२६ मध्ये, त्यांची माणेकशा व्यारावाला यांच्याशी ओळख झाली ती रेल्वे स्टेशनावर. (आपल्या बीडात रेल्वे यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडला. तोवर आपल्याकडची जी काही जमली ती एसटी स्टँडवर.) माणेकशा टाइम्स ऑफ इंडियात हिशेबाचं काम करायचे आणि फोटोही काढायचे. कॅमेरा हातात धरायला होमाईंना त्यांनीच शिकवलं. १९४१ मध्ये दोघांनी लग्न केलं.

होमाईंचे सुरुवातीचे फोटो कुणाचे होते ठाऊक आहे? वर्गमैत्रिणींचे! रेहाना मोगल नावाची त्यांची जे. जे.मधली मैत्रीण त्या फोटोंतून पुन्हा पुन्हा दिसते. मुंबईतल्या एका महिला मंडळाच्या सहलीचे फोटो बॉम्बे क्रॉनिकलने छापले, फोटोमागे १ रुपया देऊन. आज सकाळपासून आपल्या ग्रुपवर किती फोटो पडलेत ते मोजा आणि प्रत्येकी रुपया धरा, म्हणजे जेवणाचा खर्च निघेल.

पण मला सांगायचंय ते पुढचं. इलस्ट्रेटेड वीकली हे तेव्हाचं मोठं साप्ताहिक. होमाईंचे फोटो त्यात सुरुवातीला छापून आले ते माणेकशांच्या नावाने. बाई, त्यात नवखी, तिचं नाव कोण ओळखणार? फोटो तिचा, नाव त्याचं. त्यावरून घरात भांडणं झाल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. काळच तसा होता म्हणायचं आणि पुढे जायचं. मला मात्र तसं पुढे जाता येत नाही. कारण नवरा-बायकोचं मिळून एकच नाव कसं धरतात, हे बीडच्या माणसाला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही.

आपल्याकडे ‘कोयता’ म्हणजे काय? बाहेरच्या माणसाला विचारा, तो म्हणेल लोखंडी हत्यार. मी पुण्यात ऑफिसात हे सांगते तेव्हा लोकांना खरं वाटत नाही. बीडमध्ये कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे. बोलणी होतात बाप्याशी, पैसे मोजले जातात त्याच्या हातावर. फडात तो तोडतो, तीही तोडते, वर मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडी भरते, आणि कोपीवर येऊन भाकरी तीच थापते. हिशेबाच्या वहीत दोघं मिळून एक. एकट्या माणसाला म्हणतात ‘अर्धा कोयता’. आपल्या वर्गातही अशा घरांतली मुलं होती. दिवाळी झाली की आई-वडील कारखान्यावर, आणि ही पोरं आजीजवळ राहून शाळेत यायची. त्यांतले तिघेजण आज समोर बसलेत. नावं घेत नाही, पण ते माझ्याकडे बघून मान हलवतायत ते मला दिसतंय.

तर परत दिल्लीकडे. १९४२ मध्ये व्यारावाला जोडपं मुंबई सोडून दिल्लीला गेलं, ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्याच्या नोकरीसाठी. पुढची जवळजवळ तीस वर्षं तिथेच. कॅनॉट प्लेसचा परिसर, मुलगा फारूक, आणि दारातून कधीही निघायची तयारी. होमाई साडी नेसून, खांद्याला कॅमेरा अडकवून सायकलवर निघायच्या. तो कॅमेराही आजच्यासारखा नव्हे. स्पीड ग्राफिक म्हणजे अक्षरशः डबा. फिल्मचा एक होल्डर घातला की दोनच फोटो, मग तो काढून दुसरा घालायचा. फ्लॅशचा बल्ब एकदा उडाला की बाद, तो गरम असतानाच बदलायचा. पुढे उभे नेहरू किंवा माउंटबॅटन, ते काही थांबत नाहीत.

फाळणीच्या ठरावावर हात वर करणारे काँग्रेसचे नेते, १६ ऑगस्ट १९४७ ला लाल किल्ल्यावर चढलेला तिरंगा, बहिणीला, विजयालक्ष्मी पंडितांना, विमानतळावर मिठी मारणारे नेहरू, हे होमाईंचे फोटो आहेत. ‘छायाचित्रणास सक्त मनाई’ अशा इंग्रजी पाटीशेजारी उभ्या असलेल्या पंतप्रधानांचा फोटोही त्यांचाच. १९५६ मध्ये दलाई लामा नथू लातून पहिल्यांदा भारताच्या बाजूला सिक्कीममध्ये आले, तेव्हा त्या तिथवर गेल्या होत्या. पुष्कळ फोटो त्यांनी ‘डालडा १३’ या टोपणनावाने छापले. जन्म १९१३ चा, नवरा भेटला तेराव्या वर्षी, आणि गाडीचा नंबर निघाला डीएलडी १३. आपल्या घरात डालड्याच्या डब्यात तुळस लावायचे, म्हणून मला हे नाव फार जवळचं वाटतं.

होमाई बाहेर फिरत असताना फिल्म धुणं, फोटो छापणं हे अंधाऱ्या खोलीतलं काम माणेकशा सांभाळायचे. आता उलटं झालं की नाही? आधी नाव त्याचं आणि फोटो तिचा. नंतर नाव तिचं, आणि तो आत, लाल दिव्याखाली. आज होमाईंवर पुस्तक आहे, पद्मविभूषण आहे (२०११), दिल्लीत मोठं प्रदर्शन झालं. माणेकशांचं नाव किती जणांनी आज पहिल्यांदाच ऐकलं? हात वर करू नका, मला अंदाज आहे. म्हणून ही केवळ बाईवर झालेल्या अन्यायाची गोष्ट आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या काळात हे घडलं, त्या काळात आत जाऊन बसायला तयार झालेला नवरा ही लहान गोष्ट नव्हती, एवढं नक्की म्हणते.

त्यांच्या संसारातला एक प्रसंग मला सारखा आठवतो. ३० जानेवारी १९४८. होमाई बिर्ला हाऊसच्या प्रार्थनासभेला जायला निघाल्या होत्या. माणेकशांनी बोलावलं म्हणून परत फिरल्या. पुढे काय झालं ते पाचवीतलं पोरही सांगेल. त्या संध्याकाळी आपण तिथे नव्हतो ही खंत होमाईंनी जन्मभर बोलून दाखवली. त्यानंतर त्यांनी गांधीजींच्या अंत्यविधीचे फोटो काढले. आणि ते फोटो नवरा-बायकोच्या त्याच घरात धुतले गेले असणार. त्या रात्री ती दोघं एकमेकांशी काय बोलली असतील? मला वाटतं, फार काही बोलली नसतील. फिल्म भिजत असताना घड्याळाकडे बघावं लागतं, बोलायला फुरसत नसते.

हे मी एवढ्या खात्रीने सांगते, कारण मी तशा खोलीत वाढले. तुम्हाला अण्णा आठवतात. गळ्यात कॅमेरा, खिशाला कंगवा, आणि “हनुवटी खाली, डोळे वर” हे वाक्य. आपले हॉल तिकिटाचे फोटो त्यांनीच काढले. आतल्या खोलीत काय चालायचं, ते तुमच्यापैकी कुणी पाहिलं नाही, कारण दार उघडलं की कागद काळा पडतो. आत आई असायची. फिल्म मिट्ट अंधारात, केवळ बोटांच्या अंदाजाने चाकावर चढवायची. कागद मात्र लाल दिव्यात. आधी डेव्हलपर, मग पाणी, मग हायपो, मग पुन्हा पाणी, आणि हे शेवटचं पाणी सगळ्यांत महत्त्वाचं. कागदात हायपो राहिला तर फोटो लगेच बिघडत नाही. पाच-दहा वर्षांनी पिवळा पडतो, तोवर गिऱ्हाईक पैसे देऊन गेलेलं असतं. आणि बीडमध्ये नळाला पाणी किती दिवसांनी यायचं ते मी तुम्हाला सांगायला नको. उन्हाळ्यात आई धुण्याचं पाणी कमी करायची, अंघोळीचं कमी करायची, पण फोटोचं नाही. अण्णा म्हणायचे, “बास झालं, निघाला हायपो.” ती म्हणायची, “अजून दोन पाणी.” मग निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने टचिंग. आपल्या वर्गातल्या अर्ध्या लोकांच्या मुरमांच्या खुणा माझ्या आईने पुसलेल्या आहेत, हे आज जाहीर करते.

लग्नसराईत दोघं बरोबर जायची, केज, धारूर, पाटोदा, जिथून बोलावणं येईल तिथे. अण्णा मांडवात, आई बायकांच्या खोलीत फ्लॅश धरून, कारण तिथे पुरुष फोटोवाल्याला येऊ देत नसत. नवरीचे आतले फोटो पुष्कळदा तिनेच काढलेले. अल्बमवर शिक्का अण्णांच्या स्टुडिओचा. दोघांचा मिळून असा फोटो विचाराल, तर आमच्या घरात ४ आहेत. त्यांतल्या दोनांत आईचे डोळे मिटलेले आहेत.

गेल्या वर्षी अण्णा गेले. शोकसभेत एकाने म्हटलं की अर्ध्या बीडची लग्नं त्यांनी जपून ठेवली. खरं होतं, मलाही भरून आलं. आई मागच्या रांगेत बसली होती. नंतर स्टुडिओ रिकामा करताना निगेटिव्हची पाकिटं निघाली, चार गोणी. प्रत्येक पाकिटावर पुढे अण्णांचा शिक्का, मागे आईच्या अक्षरात पेन्सिलीने तारीख, गाव, कुणाचं काय. तिचं अक्षर नसतं तर ती चार गोण्या रद्दी होती.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात शेकडो माणसं एकाच प्रोग्रॅममध्ये हात घालतात. कुणी काय बदललं याची नोंद ठेवायला गिट नावाची व्यवस्था आहे, २००५ पासूनची. तिच्यात प्रत्येक बदलापाशी दोन वेगळ्या जागा असतात, एक लिहिणाऱ्याच्या नावाची आणि दुसरी तो बदल दाखल करणाऱ्याच्या नावाची. दोन्ही माणसं एकच असली तरी जागा दोनच. ज्याने ही व्यवस्था बांधली त्याला नवरा-बायकोच्या संसाराची चिंता नव्हती, त्याला चूक कुणाकडे शोधायची ते हवं होतं. पण रकाना असला की माणूस तो भरतो. नसला की दुसरं नाव कुठे लिहायचं, हा प्रश्नच कुणाला पडत नाही. सरकारलाही हे कळायला वेळ लागला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचं, असा नियम महाराष्ट्रात आता आहे. आपल्या वेळी नव्हता.

होमाईंचं थोडं राहिलं. माणेकशा १९६९ मध्ये गेले. त्यानंतर वर्षभरात होमाईंनी व्यवसायातला कॅमेरा कायमचा खाली ठेवला. वय होतं ५६-५७. नव्या फोटोग्राफरांचं वागणं पटत नाही, असं कारण त्यांनी दिलं. ते खरंच असेल. मला मात्र वाटतं की आतल्या खोलीत कुणी नसताना बाहेरून फिल्म भरून आणायची तरी कुणासाठी? हा माझा तर्क, त्यांनी असं कुठे म्हटलेलं नाही. पुढे त्या मुलाकडे पिलानीला राहिल्या, नंतर बडोद्याला. १९८९ मध्ये फारूकही कर्करोगाने गेला. एकट्याच राहायच्या, बाग करायच्या. १५ जानेवारी २०१२ ला गेल्या, ९८ व्या वर्षी.

आता माझं काम. या स्मरणिकेत ‘तेव्हा आणि आत्ता’ असं पान आहे. त्यात आपले हॉल तिकिटाचे फोटो छापणार आहेत. मी ते काल पाहिले. ग्रुप फोटो रंगीत होता, तो धुवायला तेव्हाच्या औरंगाबादच्या लॅबमध्ये गेला होता, आणि आता त्यात आपण सगळे केशरी दिसतो. हॉल तिकिटाचे कृष्णधवल फोटो आमच्या घरी धुतलेले. एकही पिवळा पडलेला नाही. संपादक मंडळाला मी एक चिठ्ठी दिली आहे. पानाखाली ‘छायाचित्रे’ म्हणून अण्णांचं नाव घाला, आणि ‘धुलाई, छपाई, टचिंग’ म्हणून आईचं, त्याच टायपात, त्याच आकारात. जागा कमी पडत असेल तर माझा फोटो थोडा लहान करा.

आणि तुमच्याही घरी जुने फोटो असतील. आई-वडिलांपैकी जो कुणी आज आहे, त्याच्याजवळ बसा आणि मागे लिहून घ्या, कोण कोण आहे, कुठला आहे, कुणी काढला. बॉलपेनने लिहू नका, दाब पुढे उमटतो. मऊ पेन्सिल घ्या.