वेल्स : देशातला देश
तीन बाजूंना समुद्र आणि पूर्वेला इंग्लंड, असा हा डोंगराळ वेल्स. देश आहे, पण संयुक्त राष्ट्रांत त्याला वेगळी जागा नाही. तो युनायटेड किंगडमचा घटक. १५३६च्या कायद्याने तो इंग्लंडला जोडला गेला, म्हणून युनियन जॅक या ब्रिटिश झेंड्यावर त्याची खूणही नाही. हे मनाला लागतं. १९९७च्या सार्वमतात स्वतःच्या विधिमंडळाच्या बाजूने अवघ्या ६,७२१ मतांनी कौल मिळाला आणि १९९९मध्ये ते राजधानी कार्डिफला आलं. शिक्षण, आरोग्य तिथे ठरतं; संरक्षण, परराष्ट्र धोरण मात्र लंडनकडेच. आपली भाषा वेल्श लोकांनी जिवापाड जपली. घाटातल्या वळणावर, डांबरावर पांढऱ्या ठळक अक्षरांत इंग्रजी ‘स्लो’च्या जोडीला वेल्श शब्द रंगवलेला दिसतो, ‘आराव्ह’. म्हणजे सावकाश.