तारेखालचे झाड आणि आपली जबाबदारी

(खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात पावसाळ्यापूर्वी झालेल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



आपल्या बैठकांत शाळांचा विषय निघतो, पाट्यांचा निघतो, सीमाप्रश्नाचा तर निघतोच. आज आम्ही विजेच्या तारेवर बोलणार आहोत. काही जण म्हणतील, हे काम लाईनमनचे, यात मंडळाने कशाला पडायचे? गेल्या आषाढापर्यंत आम्हीही असेच म्हणत होतो.

गेल्या आषाढात आमच्या गावात चार रात्री वीज नव्हती. पाण्याची टाकी कोरडी, गिरणी बंद, एका घरातली इन्सुलिनची औषधे बर्फाच्या डब्यात घालून दुसऱ्या गावाला पाठवावी लागली. कारण शोधायला लांब जावे लागले नाही. आमच्याच परड्यातले मेसकाठीचे बेट पावसाने जड होऊन ११ केव्हीच्या तारेवर वाकले होते. तारा तुटल्या, दोन खांब कलले. मे महिन्यात फांद्या तोडणारी टोळी आली होती, तेव्हा "पावसाळा झाल्यावर बघू" असे सांगून आम्हीच तिला परत पाठवले होते. आधी आपला दोष कबूल करावा आणि मग दुसऱ्याच्या दोषावर बोलावे, म्हणून हे सांगितले.

आता दुसऱ्याचा दोष. टोळी येणार असल्याची नोटीस पंचायतीच्या भिंतीवर लागली होती, पण ती फक्त कानडीत. आमच्या घरी तेव्हा फक्त म्हातारी आई. तिला ती वाचता आली नाही आणि कुणी वाचूनही दाखवली नाही. आम्ही बाजारातून परतलो तेव्हा टोळी दारात उभी, आम्ही बेसावध. मग वाद झाला आणि काम राहिले.

चौथ्या रात्री जे घडले ते मात्र आम्ही विसरू शकत नाही. कंत्राटदाराकडचा एक तरुण खांबावर चढला होता. लाईन बंद केलेली होती. पण वाडीतल्या एका घराने जनरेटर सरळ घरच्या वायरिंगला जोडला होता. ती वीज उलट्या वाटेने बाहेरच्या तारेत गेली. ट्रान्सफॉर्मर जसा विजेचा दाब उतरवतो तसाच उलट्या दिशेने चढवतोही, हे आपल्याला ठाऊक नसते. मुलाचा हात भाजला. कमरेचा पट्टा होता म्हणून तो खाली पडला नाही. तारा जमिनीला जोडून ठेवायची अर्थिंगची साखळी त्याला दिलेलीच नव्हती. तो आपल्याच मराठी शाळेत शिकलेला मुलगा आहे.

म्हणून मंडळी, हा विषय आपला आहे.

तार आणि झाड यांचे वैर नेमके कशात आहे ते समजून घेऊ. तार एका जागी स्थिर नसते. उन्हाने आणि विजेच्या भाराने ती तापते, लांबते आणि मधोमध खाली झुकते. वाऱ्यात ती बाजूलाही हेलकावते. डिसेंबरात जी फांदी लांब दिसते ती मे महिन्यात जवळ आलेली असते. त्यात आपला पाऊस. कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात झाडे महिनोन्‌महिने भिजलेली असतात. ओली फांदी वीज जमिनीत वाहून नेते, मग उपकेंद्रातला ब्रेकर पडतो आणि एका फांदीपायी दहा गावे अंधारात जातात. बांबू तर सर्वांत फसवा. त्याचा कोंब एकाच पावसाळ्यात पूर्ण उंची गाठतो. मे महिन्यात मोकळी दिसणारी जागा गणपतीपर्यंत भरून जाते.

याची मापे ठरलेली आहेत. उघडी ११ केव्हीची तार रस्ता ओलांडत असेल तर जमिनीपासून निदान ६.१ मीटर उंच हवी, रस्त्याच्या कडेने जात असेल तर ५.८ मीटर आणि इतरत्र ४.६ मीटर. घराच्या भिंतीपासून ती आडवी निदान १.२ मीटर दूर हवी. जंगलातून जाणाऱ्या लाईनसाठी केंद्राच्या वन खात्याच्या सूचनांप्रमाणे ११ केव्हीला ७ मीटर, ३३ केव्हीला १५ मीटर आणि २२० केव्हीला ३५ मीटर रुंदीचा पट्टा धरतात. तार आणि झाड यांत अनुक्रमे २.६, २.८ आणि ४.६ मीटर अंतर लागते. पण या पट्ट्यातले प्रत्येक झाड मुळासकट काढावे असा याचा अर्थ नाही. तार ओढण्यापुरती अरुंद वाट मोकळी करायची, पुढे झाडोरा पुन्हा वाढू द्यायचा आणि उंची ताब्यात ठेवायची, अशी ती पद्धत आहे.

तोडण्याचीही रीत असते. घाईतली टोळी कोयत्याने शेंडा उडवते आणि जाते. शेंडा छाटलेल्या फणसाला किंवा आंब्याला त्या जागी झुपक्याने कोंब फुटतात. ते भराभर वाढतात आणि त्यांचा जोडही कच्चा असतो. वर्षभरात तेच दुखणे पुन्हा, शिवाय झाड कुजते ते वेगळे. तारेकडे जाणारी फांदी जिथे फुटते तिथे, म्हणजे खोडाजवळच्या बेचक्यात कापावी. आधी खालून अर्धवट काप घ्यावा, मग वरून, म्हणजे साल सोलली जात नाही. झाडाची वाढ तारेपासून दूर वळवावी. आणि खांबाच्या ताणावर चढलेला वेल वरून ओढू नये. तो लाईन बंद करून बुडातून कापतात.

आता हक्काची गोष्ट. वीज कायदा २००३ च्या कलम ६८ प्रमाणे झाड लाईनला अडथळा करत असेल तर वीज कंपनीच्या अर्जावरून कार्यकारी दंडाधिकारी किंवा नेमलेला अधिकारी ते काढण्याचा आदेश देऊ शकतो. याच कायद्यात झाड या शब्दात झुडूप, कुंपण आणि रानही येते. पण त्याच कलमात पुढे असेही आहे की, झाड लाईनच्या आधीपासून असेल तर मालकाला वाजवी भरपाई द्यायची आणि ती कंपनीकडून वसूल करायची. आजोबांनी लावलेला फणस आधीचा, की १९८० साली आलेली लाईन आधीची, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. आपल्यापैकी किती जणांनी ही भरपाई कधी मागितली? आम्ही तरी नाही. लाईन आली तेव्हाचे कागद, जुने फोटो, सातबारावरच्या नोंदी जपून ठेवा. हे लाईनखाली मुद्दाम नवे झाड लावून भरपाई मागणाऱ्यांसाठी नाही, हेही स्पष्ट सांगतो.

भाषेबद्दलही बोलले पाहिजे. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी केंद्र सरकारने १९५६ साली जे निवेदन काढले, त्यात तालुका किंवा नगरपालिका क्षेत्रात अल्पसंख्याक भाषकांचे प्रमाण १५ ते २० टक्के असेल तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, असा विचार मांडला आहे. खानापुरात आपण किती आहोत हे वेगळे सांगायला नको. वीज कधी बंद, तार कुठे तुटली, फांद्या कधी तोडणार ही माहिती जीव वाचवणारी आहे. कानडी नोटीस काढू नका असे आम्ही म्हणत नाही. तिच्या खाली चार ओळी मराठीत लिहा, एवढेच मागणे आहे.

तेव्हा या बैठकीपुढे आम्ही पाच कामे ठेवतो.

१. प्रत्येक वाडीत दोन तरुणांनी लाईनखालून फिरून धोक्याच्या झाडांची यादी करावी. खांबाचा नंबर, झाड आणि मालकाचे नाव लिहावे. हात कुणी लावायचा नाही, फक्त पाहायचे. तारेजवळची फांदी घरच्या कोयत्याने तोडणे म्हणजे जिवाशी खेळ.

२. ही यादी मंडळाच्या सहीने दोन्ही भाषांत वीज कार्यालयात द्यावी आणि पोच घ्यावी. दखल घेतली नाही तर कायद्याने नेमलेल्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जावे.

३. तोडणीच्या दिवशी मालकाने हजर राहावे आणि नीट तोडणीचा आग्रह धरावा. "नंतर बघू" हे शब्द आम्ही परत घेतो, तुम्हीही घ्या.

४. जनरेटर असलेल्या प्रत्येक घराने चेंजओव्हर स्विच बसवावा. आणि तोडणी करणाऱ्या मुलांना साखळी, पट्टा, हातमोजे दिले आहेत का, हे काम सुरू होण्याआधी विचारावे. तो प्रश्न विचारायला आपल्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

५. तारेखाली यापुढे लिंबू, कढीपत्ता, जास्वंद, तगर अशी बुटकी झाडे लावावीत. फणस, नारळ आणि बांबूला परड्यात दुसरी जागा द्यावी.

पडलेली तार दिसली तर ती मेलेली आहे असे कधीही धरू नका. लांब राहा, माणसे आणि जनावरे थांबवा, १९१२ वर फोन करा.

आमचे मेसकाठीचे बेट आम्ही या मार्चमध्ये लाईन बंद करून घेऊन काढले आणि ओढ्याच्या काठाला नवे लावले. तो मुलगा त्या दिवशी पाहायला आला होता. त्याची मूठ अजून पूर्ण मिटत नाही. तो म्हणाला, "काका, हे गेल्या वर्षी झालं असतं तर." आमच्याकडे उत्तर नव्हते. यंदा दुसऱ्या कुणावर ती पाळी येऊ नये, म्हणून आज बोललो.