पासिंग झालं, पण घाटाचं काय?

जव्हार-मोखाड्याकडे एसटी चुकली की आधार जीपचाच. बाजाराला, दवाखान्याला, आश्रमशाळेला माणसं तिनंच जातात. या जुन्या गाड्या मी दुरुस्त करतो, म्हणून पासिंगबद्दल चार शब्द.

प्रवासी गाडीला मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५६ प्रमाणे योग्यता प्रमाणपत्र लागतं. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी घ्यावं लागतं.

पासिंगआधी माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत दोष बहुधा तेच असतात. एका बाजूला ओढणारा ब्रेक, न धरणारा हँडब्रेक, ढिलं स्टिअरिंग, गंजलेली चासी आणि गुळगुळीत टायर. टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी.

ब्रेक ऑइलकडे तर कुणी बघतच नाही. ते हवेतला ओलावा शोषतं, आणि आमच्याकडचा पावसाळा तुम्हाला ठाऊक आहे. तोरंगण घाटात उतारावर ब्रेक सारखा दाबला की ऑइल तापतं, ओलाव्याची वाफ होते आणि पेडल थेट खाली जातं. म्हणून ऑइल दोन वर्षांनी बदला. घाट ज्या गिअरवर चढता, त्याच गिअरवर उतरा.

काही मालक पासिंगपुरते चांगले टायर उसने आणतात आणि घरी आल्यावर जुने चढवतात. कागद मिळतो. पण घाट उतरायचा असतो त्या जुन्याच टायरांवर, आणि मागे एखादी बाळंतीण बसलेली असते. मालकांनो, निदान तिच्यासाठी तरी टायर बदला.