विणकराचा मुलगा आणि दानाचा हिशेब

(गांवच्या सभेंत वाचनालयाच्या प्रश्नावर एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



आपल्याच गांवांत जन्मलेल्या एका धनिक व्यापाऱ्यानें वाचनालयासाठीं इमारत बांधून देऊं केली आहे. ती घ्यावी कीं नाहीं, याचा निकाल आज करावयाचा आहे. परवां चावडीवर एकजण म्हणाला, "फुकट मिळतें तें घ्या." दुसरा म्हणाला, "कापसाच्या काट्यावर मारलेलें आतां पुस्तकांत घालून परत देतो." दोघांचेंही बोलणें ऐकून मला परदेशच्या एका मोठ्या दानशूराची आठवण झाली. त्याची हकीकत आधीं ऐका, मग हात वर करा.

स्कॉटलंड देशांत डन्फर्मलिन नांवाचें गांव आहे. तेथें १८३५ सालीं एका विणकराच्या घरीं अँड्र्यू कार्नेजीचा जन्म झाला. बाप हातमागावर नक्षीदार कापड विणी. वाफेचे माग आले आणि त्याचें काम बसलें. घरचे माग विकले, तरी वाटखर्चास पुरेना. शेवटीं ओळखीच्या एका बाईकडून वीस पौंड उसने घेऊन १८४८ सालीं हें कुटुंब अमेरिकेंत गेलें. आपल्या साळी-कोष्टी बांधवांना अशी कथा नवीन नाहीं.

तेथें आई घरीं बसून जोडे शिवी, आणि तेरा वर्षांचा अँड्र्यू सुताच्या गिरणींत बाबिणी बदली. मजुरी आठवड्याला एक डॉलर वीस सेंट. उजाडण्यापूर्वीं आंत जावयाचें, अंधार पडल्यावर बाहेर यावयाचें. पुढें तो तारऑफिसांत तारा पोंचविणारा पोऱ्या झाला. पुस्तक विकत घेण्याची ऐपत नव्हती. त्या शहरांत कर्नल अँडरसन नांवाचे गृहस्थ होते. त्यांच्याजवळ सुमारें चारशें पुस्तकें होतीं, आणि दर शनिवारीं ते कामकरी मुलांना एकेक पुस्तक घरीं नेऊं देत. पुढें त्या वाचनालयांत नियम झाला कीं, कारागिरी शिकणाऱ्या उमेदवारांनाच पुस्तक फुकट, बाकीच्यांनीं वर्षाला दोन डॉलर भरावे. या पोरानें वर्तमानपत्रांत पत्रें लिहून वाद घातला आणि तो नियम बदलून घेतला. एवढ्याशा उपकाराची आठवण त्यानें जन्मभर ठेविली.

मग रेल्वेंत नोकरी, कंपन्यांचे भाग, लोखंडी पूल, आणि अखेर पोलादाचे कारखाने. १९०१ सालीं त्यानें आपला धंदा ४८ कोटि डॉलरांस विकला. १९१९ सालीं तो वारला, तोंपर्यंत सुमारें ३५ कोटि डॉलर त्यानें दान केले होते. धन कवटाळून मरणें ही लाजिरवाणी गोष्ट आहे, असें तो १८८९ पासून लिहीत होता. त्याच्या पैशानें जगांत २,५०० हून अधिक वाचनालयें उभीं राहिलीं. हेग शहरांत राष्ट्रांचे तंटे मिटविण्यासाठीं बांधलेला शांतताप्रासाद १९१३ सालीं उघडला, तोही त्याच्याच देणगींतून. संगीताचा षौक म्हणून हजारों चर्चना त्यानें ऑर्गन वाद्यें दिलीं. पुरातन काळच्या एका अजस्र प्राण्याचा सांगाडा सांपडला, तर त्याच्या प्रतिकृति करवून त्यानें देशोदेशींच्या संग्रहालयांस पाठविल्या.

आतां हिशेबाचें दुसरें पान उलटूं. मजुरांना संघ करण्याचा हक्क आहे, असें याच गृहस्थानें १८८६ सालीं छापून प्रसिद्ध केलें होतें. परंतु १८९२ सालीं होमस्टेड येथील त्याच्या कारखान्यांत मजुरी कमी करण्यावरून तंटा झाला, तेव्हां तो स्वतः स्कॉटलंडांत जाऊन राहिला आणि कारभार फ्रिक नांवाच्या भागीदारावर सोंपविला. फ्रिकनें कारखान्यास टाळें लावलें आणि भाड्याचे तीनशें हत्यारबंद लोक नदीवाटे आणविले. ६ जुलै रोजीं गोळीबार झाला, दोन्हींकडचे मिळून दहाच्या आसपास माणसें मेलीं. पुढें सरकारी फौज आली आणि मजुरांचा संघ मोडला. बारा तासांची पाळी राहिली.

त्याच होमस्टेडला १८९८ सालीं कार्नेजीचें भव्य वाचनालय उघडलें. त्यांत गायनाची शाळा नव्हे, मोठें गायनगृह होतें, पोहण्याचा तलावसुद्धां होता. पण बारा तास भट्टीपुढें उभा राहून आलेल्या माणसानें पुस्तक हातीं घ्यावें केव्हां? म्हणूनच व्हीलिंग नांवाच्या शहरांत १९०४ सालीं कामकऱ्यांच्या संघांनीं प्रचार केला आणि लोकांनीं मतें देऊन कार्नेजीची देणगी परत फिरविली.

यावरून कोणी म्हणेल, मास्तर नको म्हणावयास सांगतात. तसें नाहीं. चारशें पुस्तकांनीं एका गिरणीवाल्या पोराचें डोकें उघडलें, हें खरें आहे. होमस्टेडचें रक्त सांडलें, हेंही खरें आहे. एकानें दुसरें पुसलें जात नाहीं. दान हें दानाच्या खातीं लिहावें, मजुरी मजुरीच्या खातीं.

कार्नेजीची एक अट मात्र मला फार आवडते. इमारतीचा पैसा तो देई, पण जागा गांवानें द्यावयाची आणि देणगीच्या दहावा हिस्सा रक्कम दरसाल करांतून पुस्तकांसाठीं व देखभालीसाठीं खर्चावयाची. त्यामुळें वाचनालय दात्याचें न राहतां गांवाचें होई.

म्हणून माझी सूचना अशी. इमारत घ्यावी, पण कापसाचा काटा तपासून द्यावा, ही मागणी वेगळी आणि आजच लेखी करावी. ती देणगीच्या भिडेस्तव मागें ठेवूं नये. पुस्तकांचा खर्च घरटी वर्गणीनें आपण सोसावा. आणि एक मागणें तुमच्यापाशीं. ऊसतोडीचा हंगाम लागला कीं माझ्या हजेरीपटावर नांवांपुढें गैरहजेरीच्या रेघा पडतात. पोटासाठीं जातां, मी दोष देत नाहीं. पण मुलांना शाळेच्या दिवसांपुरतें आजी-आजोबांपाशीं, शेजाऱ्यांपाशीं ठेवण्याची सोय गांवानें मिळून केली पाहिजे. नाहीं तर वाचनालयाचें दार उघडें असेल आणि वाचणारें पोर फडांत असेल.

इतकें बोलून मी खालीं बसतों. आतां हात वर करा.